लिंबापर्यंतची पावलं

निजामाच्या काळात मानवतच्या उर्दू शाळेत सहा वर्षांचा मन्मथ चौथीत बसायचा. उर्दूचा धडा एकदा कानावर पडला की पोरगं तो घडाघडा म्हणून दाखवायचं, म्हणून मोठे गुरुजी दिनकरराव यांनी त्याला एकदम तीन इयत्ता वर चढवलं होतं. बाप चन्नबसप्पा दुकानात येईल त्या गिऱ्हाइकाला हे सांगायचा. वर्गाच्या दारात पोराला रोज ओकारी व्हायची, ते मात्र सांगायचा नाही.

त्यावर उपाय काढला आईने, गौराबाईने. पहिले चार दिवस ती वर्गाच्या उंबऱ्याशी बसली. मग रोज थोडी थोडी मागे सरकली. पोराने मान वळवली की माय दिसली पाहिजे, एवढाच ठराव. गळ्यातल्या इष्टलिंगावर हात ठेवून तिने आण घेतली होती, "तुला न सांगता मी उठणार न्हाई."

थोराड पोरं खिदळायची. "क्यों रे मन्मथ, अम्मा दूध पिलाने कू आई क्या?"

पण ओकारी थांबली. सतराव्या दिवशी गौराबाई अंगणातल्या लिंबाखाली पोचली, आणि मधल्या सुट्टीपर्यंत मन्मथने दोनदाच मागे पाहिलं.

सुट्टी संपली आणि तपासणीचे साहेब परभणीहून दोन दिवस आधीच येऊन थडकले. दिनकरराव धापा टाकत लिंबाखाली आले.

"बाई, उठा. पोरांच्या शाळेत बाईमाणूस बसलेलं दिसलं तर माझी धडगत नाही."

"पोराला सांगून येते, गुरुजी."

"साहेब वर्गात शिरलेत! भिंतीआड व्हा. घटकाभराचा तर प्रश्न आहे."

ती उठली. भिंतीआडून तिला पोराचा आवाज ऐकू आला. एक ओळ खणखणीत, दुसरीही. तिसरीच्या मध्यावर आवाज तुटला. मग सगळा वर्ग हसला. "मुतला रे, मुतला!"

घरी तो रडला नाही. एवढंच म्हणाला, "माय, तू आण घेतली होतीस."

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा उंबऱ्याशी जाऊन बसली. दिवसभर त्याने मान वळवली नाही. गुरुजी काही विचारोत, त्याचं उत्तर एकच, "येत न्हाई." महिनाभर हेच चाललं, तेव्हा दिनकररावांनी त्याला पहिलीत बसवलं. तिथे तो ओकला नाही, थरथरला नाही.

"भ्या गेलं की पोराचं! आता काय पायजे तुला?" चन्नबसप्पा म्हणाला.

गौराबाई एकदा शाळा सुटायच्या आधीच पहिलीच्या दाराशी गेली. मन्मथ पाटीवर अलिफ, उर्दूतलं सरळ उभ्या रेघेचं पहिलं अक्षर, काढत होता. शेजारच्या पोराचा अलिफ वाकडा होता. मन्मथने तो निरखून पाहिला आणि आपल्या पाटीवर अगदी तेवढाच वाकडा उतरवला.

"तू घरी जा, माय," वर न बघता तो म्हणाला. "मला आता कुणी लागत न्हाई."