सहा टिंबं

"गंधाली, तीन टिंबं दे मला, टिंबापुढे एकेक सूचना. कुठलीही बाई, कुठलंही ॲप, दोन मिनिटांत वापरायला लागते की नाही बघ," यज्ञेश म्हणाला. अंधेरीच्या ऑफिसात तो माझ्या शेजारी बसतो. ॲपचा स्क्रीन तो आखतो, तपासते मी.

हे ॲप मनोरीच्या कोळणींसाठी होतं. ऑर्डर आली की मासे घरपोच. आमची बॉस शर्मिष्ठा त्याला म्हणाली होती, "शुक्रवारपर्यंत माझ्या दिंडोशीच्या घरी एक ऑर्डर नीट आली पाहिजे. नाहीतर प्रोजेक्ट गंधालीला."

यज्ञेशने तीनावर भागवलं नाही. सहा सूचना, प्रत्येकीपुढे काळंभोर टिंब. खवले काढा, डोकी काढा, बर्फात ठेवा, असं काय काय. किती मासे हवेत, ते कोपऱ्यात, फिक्कट, मुंगीएवढं.

बुधवारी शर्मिष्ठाने एक वाटा मांदेली मागवली. आले सहा वाटे.

यज्ञेशने मासे पाठवणाऱ्या कोळणीला, कृष्णाबाईंना, फोन लावला. "मावशी, सहा कसे?"

"सहा टिंबं व्हती, सहा वाटे दिले. आमच्या वहीत एका वाट्याला एक टिंब. तुझ्या शाळेत काय येगळं शिकवतात?"

"अहो, कोपऱ्यात लिहिलंय ना, एक वाटा!"

"कोपऱ्यात? मला वाटलं काचेवर खवला चिकटलाय. नखानं खरवडला मी."

मी म्हटलं, "यज्ञेश, तो आकडा मोठा कर ना यार."

"स्क्रीन गच्च दिसेल गं! प्रॉब्लेम टिंबांचा आहे." त्याने टिंबं काढून बरोबरच्या खुणा टाकल्या.

गुरुवारी वाटा एकच आला. डोक्यांसकट, खवल्यांसकट.

"मावशी, साफ का नाही केली?"

"खवले काढा, पुढं बरोबरची खूण. डोकी काढा, पुढं बरोबरची खूण. मी म्हटलं, कुणीतरी केलंय काम. दुसऱ्याच्या कामात मी कशाला हात घालू?"

यज्ञेशने कीबोर्डवर डोकं टेकवलं. स्क्रीनवर ओळभर 'ग' उमटले.

"आता तरी आकडा मोठा कर रे."

"नाही! नंबर टाकतो. एक ते सहा. नंबर बघून कोण चुकणार, सांग ना?"

शुक्रवारी दुपारी कृष्णाबाईंचाच फोन आला. आवाज वैतागलेला. "आरं, येकदम येवढी मांदेली? पहिल्या ओळीला येक वाटा, दुसरीला दोन, अशी सहापर्यंत. शेजारणींकडनं गोळा केली. साफ करायला कुणाला टाइम नाय हां, आधीच सांगते. माझा पोरगा हरेश्वर रिक्षानं निघालाय."

यज्ञेशने बोटांवर बेरीज केली. दोन्ही हातांची बोटं दोनदा संपली.

"मावशी, त्याला थांबवा!"

"फोन घरीच इसरलाय त्यो."

संध्याकाळी शर्मिष्ठाच्या दारात एकवीस वाटे मांदेली उतरली. साफ न केलेली. सोमवारी प्रोजेक्ट माझ्याकडे आला, सोबत शर्मिष्ठाच्या फ्रीजरमधले पाच वाटे.