हस्तबहादुरच्या नावाची लाइन

"माझा पासपोर्ट माझ्याकडे द्या ना, पौडेलजी," हस्तबहादुर पुन्हा म्हणाला.

तोयानाथ पौडेलने प्लास्टिकची पिशवी पोटाशी आणखी घट्ट धरली. बस वळणावर कलली तसा तो खांबाला रेलला. "ऑफिसात सही कुणी केली? मी. संध्याकाळी चारही पासपोर्ट परत नेऊन द्यायचेत. तुझा बसमध्ये पडला तर कंपनी मान माझी धरेल."

"पडणार नाही. आतल्या खिशात ठेवतो."

"घिमिरे, तू भाताचं बघ. कागदांचं माझ्यावर सोड."

"दाजू, फोटो एवढा वाईट आलाय काय तुमचा?" टेकराज खड्का मागच्या सीटवरून म्हणाला. "दाखवा तरी! रविवार मजेत जाईल." त्याच्या शेजारी बसलेला रेशम पुनही हसला. हस्तबहादुरलाही हसावं लागलं. खड्का त्याला दाजू म्हणायचा, म्हणजे थोरला भाऊ.

मुआरच्या एका फर्निचर कारखान्यातले हे चौघे नेपाळी एकाच खोलीत राहायचे. पासपोर्ट एरवी कंपनीच्या कपाटात बंद. मलेशियात उतरल्या उतरल्या एजंटने प्रत्येकाच्या हातात फोनची एकेक लाइन, म्हणजे सिमकार्ड, ठेवली होती, सगळ्या त्याच्या स्वतःच्या नावावर. सोय झकास होती. कुणाला काही दाखवायला नको, सांगायला नको. मग नियम कडक झाला आणि एका सकाळी निम्म्या कारखान्याचे फोन मुके झाले. आता परदेशी माणसाने स्वतःचा पासपोर्ट समोर ठेवायचा, तेव्हाच त्याला त्याच्या नावाची प्रीपेड लाइन. बऱ्याच मिनतवाऱ्या केल्यावर कंपनीने पासपोर्ट एका दिवसापुरते सोडले होते.

हस्तबहादुरने आधी नकोच म्हटलं होतं. रविवारी फोनच्या दुकानातून घरी बोललं म्हणजे झालं, असं तो सगळ्यांना सांगत होता. पण गेल्या रविवारी गावाकडे फोन लावला तर पोरीचा आवाज खोल गेलेला. तापाने फणफणून उठली होती म्हणे. त्याला पत्ताच नाही. सरिताला आई नव्हती, ती हस्तबहादुरच्या बहिणीकडे, आपल्या फुपूकडे, राहायची.

"बा, तुझा नंबर बंद लागतो," ती म्हणाली होती. "मी रोज लावत होते. फुपू म्हणते, नंबर बंद झालेले बा परत येत नाहीत. शेजारच्या लोकेंद्रचे पण आले नाहीत."

त्यावर तो नवा नंबर घेईन म्हणून बसला. शब्द गेला तो गेला. आणि आता पौडेलच्या पोटाशी त्या पिशवीत त्याचा पासपोर्ट होता.

त्यात लिहिलं होतं, सार्की.

त्याने खोटं काहीच सांगितलं नव्हतं, ही त्यातली गंमत. गंमत म्हणायची तर. त्यांच्या डोंगरावर वरच्या अंगाला घिमिरे बाहुन, म्हणजे ब्राह्मण, राहायचे आणि खालच्या अंगाला घिमिरे सार्की. वरचे पोथ्या वाचायचे, खालचे त्यांचे जोडे शिवायचे. आडनाव एकच. ते तसं का झालं हे विचारायची पद्धत नव्हती. नागरिकत्वाचा दाखला काढायला गेला तेव्हा कारकुनाने त्याच्याकडे एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि न विचारता सार्की असं लिहून टाकलं.

या खोलीत तो पहिल्या संध्याकाळी आला तेव्हा तोयानाथ पौडेल चिवडा आणि केळी खात बसला होता. खड्का आणि पुन रोज भात शिजवत, पण बाहुन माणूस त्यांच्या हातचा भात खाणार कसा? परदेशात आला म्हणून जात काही विमानतळावर काढून ठेवत नाहीत. त्याने नव्या माणसाला नाव विचारलं. हस्तबहादुर घिमिरे, असं उत्तर आलं. पौडेलचा चेहरा असा उजळला की बिचाऱ्याला पुढचं काही सांगवेना. "पशुपतीने पाठवलं तुला! चूल सांभाळशील?" आणि हस्तबहादुर चूल सांभाळू लागला. हाताला चव होती. गुंद्रुकची, आंबवून वाळवलेल्या पाल्याची, आमटी अशी करायचा की शेजारच्या खोलीतले वाटी घेऊन दारात उभे राहायचे.

बाजारात उतरल्यावर तो म्हणाला, "आपण मॉलमधल्या दुकानात जाऊ. तिथं मुली भराभर काम करतात." मॉलमधल्या मलाय मुलीला सार्की काय आणि घिमिरे काय, दोन्ही सारखंच. त्याचा सगळा भरवसा त्या मुलीवर होता.

मुलीने पासपोर्ट उघडलेही नाहीत. वरचं कव्हर बघूनच मान हलवली. कामगार परमिटवाल्यांची नोंदणी रविवारी नाही, कामाच्या दिवशी, मधल्या वारी या.

"मधल्या वारी कंपनी सोडते काय!" खड्का भडकला. "चला रत्नमान साहूकडे. आपला माणूस आहे, चहासुद्धा पाजेल."

"पुढच्या महिन्यात बघू की," हस्तबहादुर म्हणाला. पण ते तिघे चालायला लागले होते, आणि पिशवी त्यांच्याकडे होती.

रत्नमानचं दुकान म्हणजे अर्धा काठमांडू. लोणचं, मोहरीचं तेल, देवांच्या तसबिरी, आणि कोपऱ्यात लाइन देण्याचं यंत्र. रविवार असल्यामुळे आठवडाभर न दिसणारे सगळे नेपाळी तिथे दाटीवाटीने उभे होते. रत्नमान पासपोर्ट उघडायचा, यंत्राखाली धरायचा, नाव मोठ्याने वाचायचा आणि लाइन पुढे सरकवायचा. नाव मोठ्याने वाचायची त्याची सवय चांगल्या हेतूची होती. गर्दीत एकाची लाइन दुसऱ्याला जाऊ नये म्हणून.

"तोयानाथ पौडेल! टेकराज खड्का! रेशम पुन!" तिघांनी लाइन उचलल्या. "हस्तबहादुर सार्की!"

कुणीच पुढे आलं नाही.

"सार्की कोण रे?"

तोयानाथला हसू आलं. "साहूजी, चष्मा पुसा. आमच्यात सार्की कुठला? चौथा आमचा घिमिरे. ऑफिसवाल्यांनी दुसऱ्याचाच पासपोर्ट घातला पिशवीत, गाढव लेकाचे."

रत्नमानने पासपोर्ट वर धरला, मग हस्तबहादुरकडे पाहिलं. "फोटो तर यांचाच आहे."

खड्काला एकदम उलगडा झाला. त्याने हस्तबहादुरच्या खांद्यावर हात टाकला. "दाजू, दुसऱ्याच्या पासपोर्टवर आलात होय! मग सांगायचं ना! माझा मावसभाऊ कतारला मेलेल्या माणसाच्या नावाने गेलाय. त्यात काय लाजायचं?"

"म्हणून बसमध्ये जीव खालीवर होत होता!" पौडेलही सुटल्यासारखा हसला. "वेडा रे वेडा. आणि नाव घ्यायचं तर चांगलं तरी घ्यायचंस, हे कसलं घेतलंस?"

दुकानात हशा पिकला. सगळे त्याच्याकडे मायेने बघत होते. चोरी केली असती तर चाललं असतं, सरकारला फसवलं असतं तर पाठीवर थाप मिळाली असती. नुसतं हो म्हणायचं होतं.

"मग मात्र मला लाइन देता येणार नाही," रत्नमान म्हणाला आणि पासपोर्ट मिटला. "दुसऱ्याच्या पासपोर्टवर मी नाही देत. माझं दुकान बंद होईल. सॉरी हं, घिमिरेजी."

लाइनचं पाकीट काचेवरच पडून होतं. हस्तबहादुरने त्याच्याकडे पाहिलं. तो नेहमीच्याच आवाजात म्हणाला,

"पासपोर्ट माझाच आहे. नाव माझंच आहे. द्या लाइन."

"म्हणजे?" पौडेल म्हणाला.

"सार्की आहे मी. घिमिरेही आहे. आमच्यातही घिमिरे असतात, पौडेलजी."

खांद्यावरचा हात निघाला. खड्काने तो पँटला पुसला. मुद्दाम पुसला असं म्हणवत नाही, कारण त्याचं त्यालाही कळलं नसावं. रत्नमानने खाली मान घालून बटणं दाबली, अंगठा घेतला आणि पाकीट काचेवरून बोटाने ढकललं. चौघांना चहा आला. चार कप होते, पण चौथा तसाच ट्रेमध्ये राहिला.

रस्त्यावर आल्यावर तोयानाथ पौडेल बोलला. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"कार्तिकात माझ्या आईचं श्राद्ध केलं. पिंडाचा भात कुणी शिजवला?"

"मी."

"मी तुला विचारलं होतं, अंघोळ केलीस का. तू हो म्हणालास."

"केली होती."

"माझ्या आईने तुझ्या हातचे पिंड घेतले," पौडेल म्हणाला आणि त्याच्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं. हस्तबहादुरला त्याची दया आली. ही दया यायला नको होती, पण माणूस चांगला असला की असल्या खोडी जात नाहीत. त्याने माफी मागायला तोंड उघडलं, पण कशाची मागायची ते सुचलं नाही.

बसमध्ये ते तिघे पुढे बसले. हस्तबहादुर मागे उभा राहिला. जागा होती, तरी उभा राहिला.

खोलीत आल्यावर भांड्यांचा प्रश्न निघाला. खड्का म्हणाला, फेकून द्या. रेशम पुन म्हणाला, "कुकर फेकायचा? डोकं फिरलं का तुझं? मला विचाराल तर आपल्याला काही नाही. पण पौडेलजी म्हणतील तसं." आपल्याला काही नाही म्हणणाऱ्यांचं हेच असतं. पौडेलजी म्हणाले, भांडी शुद्ध करून घेऊ, सोन्याचं पाणी शिंपडू. सोनं बुडवलेलं पाणी शिंपडलं की सगळं शुद्ध होतं, हे त्यांच्या आजोबांपासून चालत आलेलं.

पण सोनं आणायचं कुठून? पौडेलची अंगठी येताना गहाण पडली होती. खड्काच्या गळ्यातली साखळी पितळेची निघाली, त्यावरून इतर वेळी आठवडाभर चेष्टा झाली असती. रेशमकडे काहीच नव्हतं. शेजारच्या खोलीत मागायला गेलं तर कशाला हवं ते सांगावं लागणार, आणि मग श्राद्धाच्या भाताची गोष्ट साऱ्या कारखान्याला कळणार.

हस्तबहादुर दाराबाहेर, जिन्यावर बसला होता. आपली चटई आणि पत्र्याची पेटी त्याने स्वतःच बाहेर आणून ठेवली होती. थोड्या वेळाने दार उघडलं. खड्का उंबऱ्याच्या आत उभा राहून म्हणाला,

"ए."

दाजू नाही. ए.

"ते तू पोरीसाठी घेतलेले डूल आहेत ना. दे जरा."

त्याला आधी वाटलं, ऐकण्यात काही चुकलं. त्याने आतमध्ये पाहिलं. पौडेल परातीत पाणी घेऊन पाठमोरा बसला होता. मागे न वळता तो म्हणाला, "सोन्याला विटाळ नसतो."

हस्तबहादुर हसला असता, पण तसं काही झालं नाही. त्याला भयंकर राग आला. कुकर, परात, सगळं त्या तिघांच्या डोक्यात घालावं इतका राग. ओव्हरटाइम करून घेतलेले डूल होते ते. घेतले त्या रात्री त्याने खोलीत सगळ्यांना दाखवले होते, आणि पौडेलनेच हातात धरून वजनाचा अंदाज सांगितला होता. तो उठला. पेटी उघडली. कापडाची पुरचुंडी सोडून त्याने डूल बाहेर काढले.

खड्काने थाळी पुढे केली. त्याने डूल थाळीत ठेवले.

दार लागलं. आत पौडेलचा मंत्र सुरू झाला. भिंतींवर, भांड्यांवर, तांदळाच्या डब्यावर पाण्याचे थेंब पडल्याचा आवाज येत होता. थोड्या वेळाने दार फटीपुरतं उघडलं आणि ओले डूल उंबऱ्याबाहेर फरशीवर ठेवून पुन्हा बंद झालं. हस्तबहादुरने ते उचलले, सदऱ्याला पुसले आणि पुरचुंडी बांधली. मग कुकरची शिट्टी झाली. पाणी जास्त पडलं होतं, हे त्याला वासावरून कळलं.

दुकानातून निघतानाच त्याने नव्या लाइनवरून बहिणीच्या फोनवर नंबर पाठवून ठेवला होता. आता तो फोन खिशात थरथरला.

"बा! लागला!" सरिता ओरडली. "फुपू, लागला बघ! बा, हा तुझाच ना? दुसऱ्या कुणाचा नाही ना?"

"माझाच. माझ्या नावाचा आहे. आता बंद नाही पडायचा."

"मी वहीवर पण लिहिला आणि दारावर पण लिहिला खडूने. उद्या लोकेंद्रला दाखवते." मग तिला आठवलं. रविवारच्या फोनवर खोलीतल्या बाकीच्या माणसांच्या गोष्टी ती ऐकत आली होती, आणि त्यातला एक तिला विशेष आवडायचा; त्याला ती ठूलबा, म्हणजे थोरले काका, म्हणायची. "बा, पौडेल ठूलबांना दे ना फोन. तुला ताप आला तेव्हा त्यांनी डोक्यावर पट्ट्या ठेवल्या ना? मी ढोग करते त्यांना, पाया पडते."

हस्तबहादुरने दाराकडे पाहिलं. आत पितळेच्या थाळ्या मांडल्या जात होत्या. कुणीतरी म्हणालं, मीठ कुठे ठेवायचा तो? डब्यांची झाकणं उघडल्याचा आवाज आला.

"ते जेवायला बसलेत, बाळ," तो म्हणाला. "जेवणावरून उठवू नये माणसाला."

"आणि तू?"

"त्यांचं होऊ दे."

"मग मी थांबते," सरिता म्हणाली. "फोन ठेवू नको हं."

"नाही ठेवत," तो म्हणाला, आणि फोन कानाला लावून जिन्यावर बसून राहिला.