पाणी न लागलेलं मडकं

"हे आजचं शेवटचं," म्हणत कास्तेरांने गाडीतून आणलेलं मडकं ओदेतच्या बाकावर उपडं ठेवलं, आणि तिचा हात ड्रिलवरच थांबला.

फ्रान्समधल्या ओश गावाच्या रस्त्यावर कास्तेरांची जुन्या वस्तूंची वखार होती. तिथे ओदेत द्युपुई कित्येक वर्षं मडक्यांना भोकं पाडत आली होती. वर पिवळी झिलई, खाली उघडी माती. गावातल्या बायका ज्यांत बदकाचं मांस चरबीत बुडवून वर्षभर ठेवत, त्या मडक्यांत आता शहरातली माणसं जिरेनियमची फुलझाडं लावत. भोक नसेल तर मुळं कुजतात. भोक पडलं की कास्तेरां झारीने पाणी ओतून निचरा बघायचा. संध्याकाळी ओदेतची पाठ धरायची, बोटं बधिर व्हायची, पण पोटापुढे कोणाचं चालतं.

या मडक्याचा एक कान तारेने बांधलेला होता. ती तार तिच्या बापाने बांधली होती. मडकं आईचं होतं. भाऊ गेला, भाच्याने घर विकायला काढलं, तळघर रिकामं केलं आणि आत्याला विचारायचं राहून गेलं. ओदेतला वाईट वाटलं. राग आला नाही. रागवायलाही अंगात बळ लागतं.

तिने मडकं कुणाचं ते सांगितलं, तेव्हा कास्तेरां ओशाळला. घरी घेऊन जा म्हणाला, बोर्दोच्या गिऱ्हाइकाला दुसरं देतो.

"नेऊन काय करू, मालक? मी एकटी. बदक लागतं किती? डब्यातलं आणते, तर तेही डॉक्टर नको म्हणतो."

"शोभेला ठेवा."

"शोभेला मी आहे की घरात."

तो हसला नाही. तिने ड्रिल उचललं. भोक पाडताना पाणी सोडत राहावं लागतं, नाहीतर माती तापून तडकते. तिने तांब्या घेतला आणि परत ठेवला. आईने या मडक्याला जन्मात पाणी लागू दिलं नव्हतं. पाण्याने चरबी खवट होते म्हणायची, शिळ्या पावाने पुसायची, आणि कुणी पोरीने धुवायला घेतलं तर पाठीत धपाटा. ओदेतने कोरडंच ड्रिल लावलं.

"अहो बाई, पाणी घ्या. तडकेल ते."

"ह्याला पाणी चालत नाही."

थांबत थांबत, फुंकर घालत तिने भोक पाडलं. मडकं तडकलं नाही. तापलेल्या मातीतून मात्र वास सुटला, चरबीचा, लसणीचा, आईच्या एप्रनचा म्हणावा असा. ओदेतचे डोळे भरून आले. तिने ते पुसले नाहीत.

मग तिने मडकं सरळ केलं आणि आपल्या जेवणातला पाव मोडून भोकाची आत उरलेली लाल भुकटी निगुतीने टिपली, अगदी तळापर्यंत. तळाशी बोट आरपार गेलं.

तिने मडकं उचलून अंगणात बाकीच्यांच्या रांगेत नेऊन ठेवलं. कास्तेरां झारी भरून उभा होता. त्याने ती खाली ठेवली.