बाहेरून आलेली एक्केचाळीस

"नुसती सही करायची, वनमालाताई. वाचायचं काम वकिलांनी केलंय," असं म्हणत मॅनेजर इंद्रजीत साहेबांनी पेन तिच्यापुढे सरकवलं.

वनमाला मेश्राम तरीही वाचत राहिली. कागद हिंदीत होता. तिची शाळा रायपूरचीच, त्यामुळे अडलं काहीच नाही. रायपूरलगतच्या भनपुरीतल्या या कारखान्यात प्लास्टिकच्या खुर्च्या-बादल्या काढायची मशिनं बनत. नवरा इथेच फिटर होता. तो गेल्यावर तिला कामावर घेतलं, आणि एकोणीस वर्षं ती प्रत्येक मशिनाच्या प्लेटवर ठोकून नंबर उमटवत आली होती.

चीनची मशिनं पडत्या भावात येऊन इथले कारखाने बुडवतात, असा निष्कर्ष सरकारी चौकशीत निघाला होता आणि त्या मशिनांवर जादा शुल्क बसलं होतं. आयात करणारे व्यापारी त्याविरुद्ध दिल्लीच्या कोर्टात गेले. त्यांचं म्हणणं, तक्रार करणारा हा कारखाना स्वतःच तिकडची मशिनं आणून आपल्या नावानं विकतो. म्हणून हे शपथपत्र होतं: मी नंबर टाकलेलं प्रत्येक मशीन इथेच बनलं.

"दोन वर्षांमागं एक्केचाळीस मशिनं खोक्यातून आली होती, साहेब," वनमाला म्हणाली. "त्यायच्या प्लेटा काढून आपल्या मीच लावल्या. मंग असं कसं लिवून देऊ?"

साहेब चिडले नाहीत. पुण्याहून आलेला, हळू बोलणारा माणूस. ऑर्डर वेळेत द्यायची होती म्हणून तेवढी एकदाच आणली, हे त्यांनी कबूल केलं. शुल्क उठलं तर दोनशे घरं बसतील, त्यात तिचंही, हेही सांगितलं. ते खोटं नव्हतं. मुलीचं, रुचिताचं, नर्सिंगचं शेवटचं वर्ष राहिलं होतं.

वनमालाने पेन उचललं. त्या ओळीपुढे 'बाहेरून आलेली ४१ सोडून' असं लिहिलं आणि खाली सही केली. साहेबांनी ते वाचलं, कागदाचे चार तुकडे केले आणि तिला कामावर परत जायला सांगितलं.

व्यापाऱ्यांकडे ती एक्केचाळीस मशिनं उतरल्याचे बंदराचे कागद होतेच. कोर्टाने निष्कर्ष रद्द केला. हा कारखाना वगळून नव्याने चौकशी करा, असं सांगितलं. चौकशी होईल तेव्हा होईल, शुल्क मात्र उठलं. चार महिन्यांत जोडणीचा विभाग बंद करायचं ठरलं.

वनमालाला ऑफिसात बोलावल्याचं सगळ्यांनी पाहिलं होतं. तिनंच फोडलं, असं शेडमध्ये पसरलं. जेवणाच्या सुट्टीत तिच्याजवळ कुणी बसेना. घरी रुचिता म्हणे, "मम्मी, बता दो ना सबको, वो पेपर तो फट गया था." वनमाला भाकरी थापत राहायची.

शेवटच्या दिवशी हिशेबाचे कागद घ्यायला सगळे ऑफिसाबाहेर थांबले होते. बाक भरला होता. वनमाला भिंतीला टेकून उभी होती. बाकाच्या टोकाला शामराव होते, नवऱ्याच्या जोडीचे फिटर. चार महिने तेही बोलले नव्हते.

"वैनी," त्यांनी खाली बघतच विचारलं, "तुमचा कागद दिल्लीले गेला काय?"

"नाही, भाऊजी. साहेबानं माह्यासमोरच फाडला."

"मंग इतके दिवस सांगतलं काहून नाही?"

"गेला नाही, पण लिवला तर मीच होता ना."

शामरावांनी बाकावर शेजारी ठेवलेली हत्यारांची पिशवी उचलून मांडीवर घेतली.

वनमाला बसली.