मालिकेतली सून, मशीनवरची सून

दुपारची जेवणं उरकली, भांडी पालथी पडली, की घरोघरी टीव्ही लागतो आणि त्यातून एक परकी सासू आणि एक परकी सून सरळ आपल्या घरात येऊन बसतात. त्यांना कोणी या म्हटलेलं नसतं, आणि जा म्हणायची कोणाची छाती नसते. त्या आपसात भांडतात, रडतात, एकमेकींच्या दुधात काहीबाही कालवतात, आणि उठून जाताना थोडंसं विष आपल्याही घरात सांडून जातात. तुमच्याकडे असं होत नसेल तर आनंद आहे. एका घरात झालं, ते सांगते.

त्या घराची पुढची खोली म्हणजे शिवणाचं दुकान. समोरासमोर दोन मशिनी, मध्ये कापायचं लांब टेबल, भिंतीवर रंगीत रिळांची फळी आणि त्या फळीच्या वर टीव्ही. दुकान सासूबाईंचं. सगळी गल्ली त्यांना शिवणकाकू म्हणायची. काकूंच्या हातची बाही खांद्यावर अशी बसायची, जणू अंगातूनच उगवली आहे. तोंडही कातरीसारखंच होतं. एखादं गिऱ्हाईक म्हणालं, "काकू, कंबर जरा सैल ठेवा," की काकू टेप गुंडाळत म्हणायच्या, "कपडा सैल करते, जीभ तूच आवर."

समोरच्या मशीनवर सून. मुलगा बस चालवायचा, तो दिवसभर बाहेर. आणि माडीवर काकूंच्या थोरल्या नणंदबाई, निवृत्त झालेल्या नर्स. असं चार माणसांचं घर.

मालिकांच्या बाबतीत काकूंचा शब्द शेवटचा. "हिने काजळ कानापर्यंत ओढलंय, ही घर फोडणार," म्हणाल्या की आठवडाभरात ती बाई घर फोडायचीच. फिटिंगला आलेल्या बायका कपडे घेऊन झाले तरी हलायच्या नाहीत. "काकू, नवीन सून कशी वाटते?" "गोड बोलते. जपून राहा म्हणावं." जसं काही त्या सासूला निरोपच पोचवायचा होता!

पण गंमत अशी, की याच काकूंना टीव्ही नवा आला तो काळ आठवला की त्या विरघळायच्या. तेव्हा टीव्हीच्या पेटीला लाकडी सरकती दारं असायची. मालिका आठवड्यातून एकदाच. काकूंचे यजमान गच्चीवर अँटेना फिरवायचे आणि वरून ओरडायचे, "आलं का?" खालून सगळी खोली एका सुरात, "गेलं, गेलं! होतं ते बरं होतं!" शेजारीपाजारी दाटीवाटीने जमिनीवर, आणि काकूंच्या सासूबाई खुर्चीत, मांडीवर कुणाचा तरी कोट, हाताने कच्चे टाके काढत बसलेल्या. त्या मालिकेतली सासू साधं सुती नेसायची आणि तिला खोकला असायचा. सून कुठेतरी नोकरी करायची. दूध उतू गेलं म्हणून दोघींचं वाजायचं, आणि मग तीच सासू सुनेसाठी जेवायची थांबायची. एवढ्यावर खोलीतल्या सगळ्या बायका पदर डोळ्याला लावायच्या. पुढचा भाग यायला आठवडा. तोवर बायका नळावर, जिन्यात, मशीनवर त्याच गोष्टी घोळवायच्या. सासूचं चुकलं, की सुनेचं? बोलता बोलता कोणीतरी म्हणून जायची, "आमच्या घरीही असंच झालं हो." आणि मन हलकं व्हायचं.

आता रोज एक भाग, आणि विचार करायला उसंत नाही. एक बाई दुष्टपणा करते, लगेच ढोल वाजतात, तिचा चेहरा तीनदा दाखवतात. त्या घरात कोणी केर काढत नाही, कोणाला भूक लागत नाही, बाया दागिने घालून झोपतात. काम नाही, तर मग करणार काय? कारस्थानं!

तर त्या दिवसांत मालिकेत कपड्यांचा कारखाना होता. धाकटी सून सासूच्या हातचे झगे गुपचूप उसवत होती. सासूची बदनामी व्हावी आणि कारखाना आपल्याला मिळावा, म्हणून. काकू मशीन चालवता चालवता मान वर करून बघायच्या आणि चरफडायच्या, "मेली! उसवायला हात कसा धजावतो?"

आणि एका सकाळी केर काढताना त्यांना सुनेच्या मशीनखाली धाग्याचे तुकडे दिसले. नागमोडी, उसवलेल्या टिपेचे असतात तसे. रंग मोरपंखी. मोरपंखी झगा तर काकूंनी स्वतः शिवून कालच खुंटीला लावला होता!

काकूंनी कोणाला विचारलं नाही. विचारलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण मालिकेत कोणी विचारत नाही, दाराआडून बघतात. काकूही बघू लागल्या. सून हसली, तर का हसली? गिऱ्हाइकाला दारापर्यंत सोडायला गेली, तर तिथे काय कुजबुजली? चहा हातात दिला, तर आज एवढा मान कशाला? बिचारी पोर मान खाली घालून मशीन चालवत होती, आणि समोर बसलेल्या काकूंच्या डोळ्यांत तिचं काजळ दिवसेंदिवस कानाकडे सरकत होतं. खरं तर ती काजळ लावतच नव्हती.

शेवटी एका दुपारी काकू म्हणाल्या, "मी जरा पडते गं आत." गेल्या आणि पडद्यामागे उभ्या राहिल्या. सुनेने टीव्हीचा आवाज वाढवला. खुंटीवरचा तोच मोरपंखी झगा काढला, उलटा केला, आणि बारीक कातरीने बाही उसवायला लागली.

"सापडलीस!"

काकूंनी पडदा असा ओढला की दोन कड्या तुटून खाली आल्या. सून दचकली. कातर हातातून पडली.

"आई, तुम्ही..."

"आई म्हणू नकोस मला! माझं नाव धुळीला मिळवतेस, आणि तेही माझ्याच दुकानात बसून? दुकान हवंय ना तुला?"

"नाही हो आई, तसं नाही."

"मग कसं? सांग ना! बोल!"

सून झगा छातीशी धरून उभी राहिली. मुलगा त्या दिवशी ड्युटीवरून लवकर सुटून नुकताच आला होता, तो हात धुता धुता तसाच पुढे आला. "काय झालं? आई, आवाज रस्त्यावर जातोय."

"जाऊ दे! जगाला कळू दे! एक तर ही इथे राहील, नाही तर मी. हिला घेऊन वेगळा हो. आजच्या आज."

मुलाने बायकोकडे बघितलं. "अगं, सांग ना काहीतरी. का उसवत होतीस?"

ती एवढंच म्हणाली, "सामान बांधते मी." आणि आत जायला वळली. घर फुटायला आणखी काय लागतं? तेवढ्यात जिन्यावरून नणंदबाई खाली आल्या. गुडघे धरत, पण आवाज वॉर्डातलाच.

"जागची हलू नकोस गं पोरी. आणि तू, तो टीव्ही बंद कर आधी. दोन सासवा एकदम ऐकायची सवय नाही मला."

मुलाने टीव्ही बंद केला.

"वन्सं, तुम्ही मध्ये पडू नका," काकू म्हणाल्या. "डोळ्यांनी बघितलंय मी."

"डोळ्यांनीच ना? मग डोळे मिट आणि बोटांनी बघ. हा धर झगा. ही अर्धीच उसवलेली बाही. सांग, टीप कोणाची?"

आता हे सांगायला हवं, की काकूंची टीप हजार टिपांच्या गर्दीतही ओळखू आली असती. बाकीचे शिंपी टीप सुरू करताना एकदा उलटी घेतात, पक्की व्हावी म्हणून. काकू तशी दोनदा घ्यायच्या, आणि मध्ये तांदळाच्या दाण्याएवढी जागा सोडायच्या. ही त्यांच्या सासूबाईंची शिकवण. काकूंनी बोट फिरवलं. दोन उलट्या टिपा, मध्ये दाणा. त्यांचीच. बोट पुढे सरकलं, आणि थबकलं. टीप शिवणीवरून घसरली होती. पुन्हा वर आली होती, पुन्हा घसरली होती. बाही एका जागी नुसती लोंबत होती.

काकूंनी डोळे उघडले. "मशीन बिघडली असेल."

"मशीन ठणठणीत आहे," नणंदबाई हळू आवाजात म्हणाल्या. "तू सुई हात लांब करून ओवतेस, मग जवळ आणतेस, मग सुनेला म्हणतेस, धागाच खराब. मी जन्मभर नर्स होते गं. मला कळत नसेल? आता ही दुसरी बाही बघ. हिने आधीच उसवून पुन्हा शिवलेली, मी जिन्यातून बघितलंय."

काकूंनी बोट फिरवलं. सरळ, तार ओढल्यासारखी टीप. आणि सुरुवातीला दोन उलट्या, मध्ये दाणा! तीच खूण! पण ही टीप काकूंची नव्हती.

काकू आपल्या मशीनपुढे बसल्या आणि झगा मांडीवर घेतला.

"खूण कशाला केलीस?" त्यांनी सुनेला विचारलं.

"बाही लोंबते म्हणून शाळेचा एक गणवेश परत आला होता," सून म्हणाली. "तो घेऊन आलेल्या बाई दारातच म्हणाल्या, काकूंचा हात गेला वाटतं. मला नाही ऐकवलं ते. म्हटलं, उसवून नीट करावं. पण तुमची खूण नसती, तर गिऱ्हाइकाने ओळखलं असतं."

"आणि मगाशी का नाही बोललीस? सामान बांधायला निघालीस!"

"यांच्यासमोर कसं सांगू, आई, की तुमची टीप वाकडी येते?"

काकूंना एकदम त्यांच्या सासूबाई आठवल्या, खुर्चीत बसून कच्चे टाके काढणाऱ्या. कच्चे टाके! एवढी मोठी कारागीर बाई मशीन सोडून ते पोरासोरांचं काम का करायची, हे इतक्या वर्षांत काकूंच्या ध्यानात आलं नव्हतं. डोळे साथ देईनात, तेव्हा म्हाताऱ्या माणसाने हातातलं काम असं हळूच खाली ठेवलं होतं, आणि खोलीभर बायका टीव्ही बघत राहिल्या होत्या.

"तुला दुष्ट सून हवी होती गं," नणंदबाई म्हणाल्या. "ती सापडली की स्वतःच्या डोळ्यांकडे बघावं लागत नाही. टीव्हीतली मंडळी चार घटका नाटक करून आपापल्या घरी जातात, बाई. तुला मात्र हिच्याबरोबर राहायचंय."

काकू माफीबिफी मागणाऱ्यांतल्या नव्हत्या. उठल्या, सुनेची पडलेली कातर उचलली, तिच्या हातात दिली आणि म्हणाल्या, "उसव. अर्धवट काम मला चालत नाही." सून रडता रडता हसली. मुलाने पडद्याच्या तुटलेल्या कड्या गोळा केल्या. "आई, उद्या माझी सुट्टी आहे. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊ." काकू त्याच्यावर खेकसल्या, "एवढा मोठा रथ चालवतोस आणि आईचे डोळे आता दिसले?" म्हणजे जायला तयार होत्या!

दोन दिवसांनी मोरपंखी झग्याची मालकीण आली. आरशासमोर उभी राहिली, खांदे हलवून बघितले, हात वर केले. दुकानात आणखी दोघीतिघी बसल्या होत्या.

"काकू, काय बाही बसवलीत! या वयात ही सफाई! कोणी काही म्हणो, तुमच्यासारखा हात नाही."

सून मशीनवर आणखी खाली वाकली. काकूंनी टेप गळ्यातून काढला. क्षणभर वाटलं, गप्प राहतील. ऐकायला गोड होतं ते, आणि जन्मभराची सवयही होती.

"माझा हात नाही तो," काकू म्हणाल्या. खणखणीत, रस्त्यावर जाईल अशा आवाजात. "माझा हात आता थकलाय. ही बाही माझ्या सुनेनं शिवलीय. यापुढे माप मी घेईन, बोलणी मी देईन, आणि शिवेल ती."

तर वाचकहो, मालिका खुशाल बघा. नावं ठेवा, रडा, हसा. मीही बघते. पण त्यातली माणसं उचलून आपल्या माणसांवर चिकटवू नका. आपल्या घरात काही खुपलं, तर पडद्यामागे उभं राहू नका. समोर या आणि विचारा. विचारायला लाज वाटली तरी चालेल. न विचारता घालवलेलं माणूस परत आणायला टीव्हीतलं कोणीही येत नाही!