चिमाबाईच्या गालातला राखणदार

मी एक रेणू बोलतोय. हसू नका! डोळ्यांना दिसत नसलो तरी माझा रुबाब मोठा आहे. सुदुंबऱ्याच्या चिमाबाईच्या उजव्या गालात, पेशी-पेशींच्या मधल्या फटीत माझा मुक्काम. मी कुठल्याही पेशीच्या आत पाऊल टाकत नाही. बाहेरूनच दार ठोठावतो आणि बजावतो, "पुरे आता, वाढू नकोस!" पेशी ऐकतात. निदान ऐकायच्या.

चिमाबाईला मिसरीचा भारी शौक. तव्यावर तंबाखू जाळायची, कुटायची आणि उठता-बसता दातांना घासायची. अडुसष्ट साली तिच्या गालातली एक पेशी बिथरली. एकीच्या दोन झाल्या, दोनाच्या चार! कॅन्सरच होता तो. मी आणि माझे भाऊबंद त्या पेशींच्या दाराशी ठाण मांडून बसलो. ठोठावून ठोठावून त्यांची वाढ मंदावली. थांबवता मात्र येईना, आणि पणाला लागला होता चिमाबाईचा जीव.

गाल दुखला की ही बाई काय करायची? त्याच जागेवर मिसरीची चिमूट दाबून धरायची! "मिसरीनं दुखणं मरतंय," म्हणायची. अगं बाई, मी आग आवरतोय आणि तू रॉकेल ओततेस! असा संताप यायचा, पण ओरडायला मला तोंड कुठाय?

तोंड होतं तिच्या सुनेला, रतनला. सासू भाकरी दुधात भिजवून एकाच बाजूनं चावते, हे तिनं हेरलं.

"आत्याबाई, तोंड उघडा."

"कायबी न्हाई झालं. जा, चुलीकडं बघ."

"चूल ऱ्हाऊ द्या. आदी तोंड उघडा!"

रतनला आत गाठ दिसली. दुसऱ्याच दिवशी तिनं सासूला घोरावाडी स्टेशनावर गाडीत बसवलं आणि पुण्याच्या दवाखान्यात नेलं.

ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, "गाठ हळू वाढली म्हणून वाचलात." हळू कुणामुळं हो? माझं नाव कुणी घेतलं नाही. न घेवोत! छाती फुगायची ती फुगलीच.

आज, दोन-तीन वर्षांनी, चिमाबाईचा गाल खोल गेलाय, हसली की तोंड वाकडं होतं, पण हसते भरपूर. आमच्यातले जुने जातात, नवे येतात, पहारा चालूच आहे. एवढंच सांगतो, मी फक्त वेळ मिळवून देतो. तो वाया घालवू नका.

परवा शेजारची भामाबाई गाल धरून आली. "चिमे, दाढ लय ठणकतीया. चिमूटभर मिसरी दे."

चिमाबाईनं तिला हाताला धरून दारात, उजेडात बसवलं.

"मिसरी न्हाई. आदी तोंड उघड."