पहिला शब्द इंद्रभानचा

तुळशीरामचा जबडा तुटला तो आवाज त्याच्या बायकोनं, कौशल्यानं, अंगणातून ऐकला. वाळलेली तुराटी पायाखाली मोडावी तसा. रंगराव पाटलाच्या हातात बैलगाडीच्या कडेचा उपसलेला दांडका, उभारी होती. एक तडाखा तोंडावर, एक खांद्यावर, मग पडलेल्या माणसाच्या पाठीत जमतील तेवढे. गुन्हा काय? रंगरावचा बैल गोठ्यात मेला आणि तुळशीराम म्हणाला, "पाटील, आता आमी मेलेलं ढोर वढत नाही."

"किरिस्ताव झाले म्हून काय बे? हात झडले तुमचे?"

उत्तर द्यायला तोंडच राहिलं नाही.

पिंपळगाव राजा गावात नव्या मराठी राज्याचे पेढे वाटून झाले होते, भाषणं ठोकून झाली होती. मेलेला बैल मात्र अजून गावकुसाबाहेरच्या याच वस्तीच्या गळ्यात होता.

तुळशीरामचा थोरला भाऊ इंद्रभान खामगावात कापसाच्या जिनात कामाला होता. दुपारी सुट्टीवर घरी आला तर भाऊ बाजेवर. तोंड भोपळ्याएवढं सुजलेलं, ओठांतून रक्ताची लाळ, कौशल्या फडक्यानं पुसत बसलेली.

"कोनं?"

"रंगरावनं. बैल नाही वढला म्हून."

इंद्रभाननं आढ्यात खोचलेली कुऱ्हाड उपसली. "त्याची खांडोळी करतो."

पण रंगरावजवळ गडी होते, लाठ्या होत्या. एकट्याचं काम नव्हतं. सगळी वस्ती पाहिजे. म्हणून तो प्रार्थनेच्या झोपडीकडे पळाला. दारातल्या लिंबाला रेल्वेच्या रुळाचा तुकडा टांगला होता. कुऱ्हाडीच्या तुंब्यानं, मागच्या बोथट बाजूनं, त्यानं तो ठोकला. ठण्! ठण्! ठण्!

तिथंच चुकलं. त्या लोखंडाचा वस्तीला एकच अर्थ माहीत होता.

तो नियम तानाबाईचा. पाद्री खामगावहून महिन्यातून एकदा यायचे, बाकी सगळं ही म्हातारीच पाहायची. सुरुवातीला लोक प्रार्थनेत एकाच वेळी बोंबलायचे, तेव्हा ती खेकसली होती, "देव का बहिरा आहे बे? सांगनं लय झालं. जरा त्याचं ऐका." तेव्हापासून रूळ वाजला की येऊन गप बसायचं, डोळे मिटायचे, ऐकायचं. ज्यानं रूळ वाजवला, पहिला शब्द त्याचा. तोवर कोणी तोंड उघडायचं नाही.

लोक आले. कोणाच्या हातात लाठी नाही, विळा नाही. दाराबाहेर वाहणा काढल्या, बायांनी डोक्यावर पदर घेतले, सारवलेल्या भुईवर बसून सगळ्यांनी डोळे मिटले. कौशल्या तुळशीरामलाही धरून घेऊन आली. तोही बसला. तसल्या तोंडानं.

इंद्रभान मधोमध कुऱ्हाड घेऊन उभा. आता ओरडणार, तेवढ्यात तानाबाईनं त्याचं धोतर खेचलं. नियम तिचा, मोडायचा हक्कही तिचाच.

"बस. आंधी ऐक. ऐकूनही कुऱ्हाडच म्हनशीन तं मी पयली तुह्यासंगं येते."

तो बसला. कुऱ्हाड गुडघ्याशी.

ऐकणं त्याला कधी जमलंच नव्हतं. जिनच्या घरघरीनं कान गेलेले. डोळे मिटले की यंत्र चालूच. त्या घरघरीत त्यानं रंगरावला मारलं. कवटी फोडली, हात तोडले, पुन्हा उठवलं आणि पुन्हा फोडली. दात आवळून तो मनात म्हणाला, 'देवा, फक्त मार म्हन.'

देव 'मार' म्हणाला नाही. 'नको मारू' असंही म्हणाला नाही.

पुन्हा मागितलं. काही नाही. मग मागायचंही संपलं, आणि कानातलं यंत्र बंद पडलं. जिनात लागल्यापासून पहिल्यांदा. त्या शांततेत त्याला भावाचा श्वास ऐकू आला. फुटक्या जबड्यातून आत जाणारा, अडखळणारा, बाहेर येणारा. जिवंत. कोणीतरी अगदी जवळ बसून तोच श्वास ऐकत आहे, असं त्याला वाटलं, आणि ते कोणीतरी घाईत नव्हतं. राग गेला नाही. पण मघाशी राग त्याला फरफटत नेत होता; आता त्यानं रागाची मान धरली होती.

तेवढ्यात रंगराव आला. रूळ ऐकून त्याला वाटलं, वस्ती चालून येते. तो वाहणांसकट आत शिरला, मागं तीन गडी. लाथेनं पाण्याचा माठ फोडला.

"डोळे झाकून कोनाले बोलावता बे, भडव्यांनो?"

उभारी इंद्रभानच्या डोक्यात बसली. रक्त डोळ्यात उतरलं. कोणी हललं नाही. पहिला शब्द अजून व्हायचा होता.

इंद्रभान उठला. कुऱ्हाड भुईवरच राहिली.

"रंगराव," तो म्हणाला. पाटील नाही, नुसतं रंगराव. "वाहना काढ. प्रार्थना चालू आहे."

पुन्हा उगारलेला रंगरावचा हात वरच राहिला.

"मारतं तं मार. बैल आमी वढत नाही. अन् आता मी भावाले घेऊन पोलिसात जाऊन राह्यलो. कायले मारलं ते तेथी सांगजो."

रंगरावच्या मागचा एक गडी खाली वाकला आणि त्यानं वाहणा काढल्या. का काढल्या, त्यालाही सांगता आलं नसतं. रंगरावनं ते पाहिलं आणि वर उचललेली उभारी त्या गड्याच्याच पाठीत हाणली. एकदा, दोनदा. गड्यानं ओरडत वाहणा उचलल्या आणि तो चालता झाला. बाकीचे दोघं एकमेकांकडे पाहत त्याच्या मागं गेले.

मिटलेल्या डोळ्यांच्या घोळक्यात रंगराव एकटा उरला. शिव्या देत निघाला, पण पाठमोरा वळला नाही. दारापर्यंत उलटाच चालत गेला.

मग लोकांनी डोळे उघडले. इंद्रभाननं कुऱ्हाडीनं दोन बांबू तोडले, त्यावर गोधडी ताणली, भावाला उचलून वस्तीतल्या एका बैलगाडीत घातलं. तानाबाईनं इंद्रभानच्या डोक्याला पदराचा तुकडा घट्ट बांधला.

"आयकू आलं काय?"

"हाव."

"काय म्हने?"

"काईच नाही. उगी बसला होता, माह्याजवळ."

"मंग तोच," म्हातारी म्हणाली. "हाक गाडी. भावाचं रक्त चाललं."